हेल्दी खायला लागल्यापासून घरचा खर्च वाढला की उतरला? तुमचे अनुभव सांगा

शाहूपुरीची_सून

काल माळा काढला साफ करायला. गादीखाली सासऱ्यांची जुनी वही सापडली, वाण्याकडच्या उधारीची, १९८८ सालची. घरात तेव्हा नऊ माणसं. महिन्याला गोडेतेल २ किलो, साखर ४ किलो, चहा, काडेपेटी, साबण, बास. जोंधळा, हुलगे, मटकी, शेंगा सगळं वडूजहून गावाकडनं यायचं म्हणून वहीत नाहीच. मी ती वही घेऊन तिथंच बसले, कारण माझ्या फोनमध्ये मागच्या वर्षीच्या सामानाचं बिल होतं आणि ते बघून मला रडू आलेलं.

झालं काय की यांची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.२ आली. डॉक्टर म्हणाले अजून मधुमेह नाही पण उंबरठ्यावर आहात, खाणं बदला. वय ४४. मी घाबरले आणि घाबरल्यावर माणूस जे करतं तेच केलं, मॉलमध्ये गेले. ओट्स, मुसली, किनोआ, ऑलिव्ह तेल, चिया, ब्राऊन ब्रेड, डायजेस्टिव्ह बिस्किटं. आधी आमचं पाच जणांचं किराणा ७,८००, भाजी २,०००, बाहेरचं खाणं ३,५०० असं १३,३०० च्या आसपास असायचं. त्या महिन्यात झाले १७,७००. पोरांनी किनोआ तोंडात घेऊन तसाच ताटात ठेवला. बाहेरचं खाणं पण बंद झालं नाही कारण घरातलं कुणाला आवडेना.

मग सासूबाईच म्हणाल्या, अगं हे सगळं कशाला, जोंधळा आण. आता ८ महिने झाले. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक. गेल्या महिन्याचं: किराणा ६,९००, भाजी ३,४००, फळं १,५००, बाहेरचं ९००. म्हणजे १२,७००. भाजी-फळांचा खर्च दुपटीच्या वर गेला पण एकूण उतरला.

तुमच्याकडं काय झालं? खरे आकडे लिहा, वाढले असतील तरी लिहा.

माणदेशी_पोरगा

नऊ माणसांत २ किलो तेल बरोबर आहे, आमच्या म्हसवडला पण तेवढंच. आजी तेल पळीनं नाही, बोटानं सोडायची.

आजीची एक गोष्ट आठवली म्हणून लिहितोय, विषय थोडा सुटंल. ७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची आणि रेशनवर ती लाल अमेरिकन मिलो (ज्वारीचाच प्रकार). मिलोची भाकरी थापताना फुटायची म्हणते, आणि घशाखाली उतरायची नाही. तेव्हापासून तिच्या डोक्यात गव्हाची चपाती म्हणजे बरे दिवस. पाहुणा आला की चपाती. आता मी पुण्यावरनं आलो की भाकरी मागतो तर तिला वाईट वाटतं, म्हणते पोराला चपाती मिळंना काय तिकडं. आणि शाळू ५५-६० रुपये किलोनं विकत घेतो म्हटल्यावर तर ती गप्पच बसली.

कृष्णाकाठची

@माणदेशी आजीला नमस्कार सांगा

विश्रामबाग_सांगली

निवृत्त बँकवाला आहे, हिशोबाची खोड जात नाही, त्यामुळं आमच्याकडं वाढला हे आकड्यासकट सांगतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या. त्यात साधारण २,००० कॅलरीच्या माणसाचं दिवसाचं ताट दिलंय: भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, डाळी-कडधान्यं ८५, तेल-तूप २७ ग्रॅम. आम्ही चौघं. म्हणजे भाजी रोज १ किलो ६०० ग्रॅम, महिन्याला ४८ किलो! आम्ही आणत होतो आठवड्याला ५ किलो, त्यातही बटाटा-कांदा धरून. ४८ किलो सरासरी ५० रुपयांनी २,४००, आधी हजारात भागायचं. फळं महिन्याला १२ किलो. डाळी-कडधान्यं १० किलोच्या वर, आधी ५ लागायची. तर ज्यांना वाटतं की चांगलं खाल्लं की पैसे वाचतात त्यांनी एकदा ४८ किलो भाजी पिशवीत घालून जिना चढून बघावा.

तेलाचं मात्र मजेशीर झालं. २७ गुणिले ४ गुणिले ३० म्हणजे सव्वातीन किलो. आमच्याकडं आधी ६ किलो सोयाबीन तेल लागायचं, १५० नं ९००. आता ३ किलो घाण्याचं शेंगदाणा तेल, ३०० नं, तेही ९००. पैसा न् पैसा तोच. चव बदलली आणि मिसेसची पुऱ्यांची कढई माळ्यावर गेली.

मिरजेचा_तंबोरा

मी जिम करतो, प्रोटीन पावडरचा डबा महिन्याला ३ हजारला. घरात यावरनं रोज भांडण. आत्या मिरजेतच दवाखान्यात डायटीशियन आहे, तिनं कागद घेऊन बसवलं. अंड्यात ६ ग्रॅम, ६ अंडी म्हणजे ३६ ग्रॅम, ४२ रुपये. सोयाबीन वडी १०० ग्रॅममध्ये ५० च्या वर. शेंगदाण्यात १०० ला २५ पण कॅलरी पण भरपूर त्यामुळं मूठभरच. पावडर बंद केली, अंडी + मटकी + आईचं दही. महिन्याला हजार बाराशे वाचतात. बायसेप तेवढाच आहे :)

कृष्णाकाठची

आमच्या वाळवा तालुक्यात वेगळंच आहे. कारखान्याची सभासदाची साखर येते सवलतीत, दिवाळीला पोतंच घरी. सासऱ्यांच्या नावावर, दिरांच्या नावावर. एवढी साखर घरात म्हटल्यावर चहात तीन चमचे, शिऱ्यात, पोळीत, पाहुण्याच्या सरबतात, आणि ती स्वस्त पडते म्हणून कुणाला खर्च वाटतच नाही. मामंजींना शुगर निघाली तेव्हा मी वहीवर मांडलं, घरात डोईला दिवसाला ६० ग्रॅम साखर जात होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या २०-२५ च्या आत पाहिजे. आम्ही ऊस लावणारी माणसं, साखर कमी करा म्हणायचं तरी कसं मामंजींपुढं. शेवटी मी पोतं उघडं ठेवलंच नाही, शिवून ठेवलं आणि डब्यात आठवड्याला एक किलोच काढायची. आता सगळ्यांना गूळ देतो. खर्च थोडा वाढला कारण गूळ विकतचा.

मिरजेचा_तंबोरा

@कृष्णाकाठची वहिनी, आत्याला विचारलं आत्ता, गुळानं पण साखर तशीच चढते म्हणाली. मामंजींना गूळ म्हणजे सूट समजू नका. तोही मोजूनच.

कृष्णाकाठची

अगबाई. आणि मी दुप्पट घालत होते, गूळ चांगला म्हणून. आजपासून बंद. आत्याला धन्यवाद सांग रे बाबा.

पाटणची

सगळ्यांनी रुपये लिहिले, मी तास लिहिते.

आमच्याकडं पण खर्च कमी झाला, महिन्याला १,५०० च्या आसपास. नवरा सगळीकडं सांगत फिरतो. पण सकाळी ब्रेड-बटरला मला १० मिनिटं लागायची, आता नाचणीची आंबील, दोन भाज्या, मोड काढायचे, पालेभाजी निवडायची. तांदळीची एक पेंडी निवडायला अर्धा तास. मी नोकरी करते, साडेनऊला शाळेत हजर लागते. आधी साडेपाचला उठायचे आता साडेचारला.

आणि एक हिशोब मी पण केलाय. भाकरी केंद्रात एक भाकरी १५ रुपये. घरात रोज ८ लागतात, म्हणजे १२० रुपये. घरी केली तर ८०० ग्रॅम पीठ आणि दळण धरून ४५. रोजचे ७५ वाचले, महिन्याचे २,२५०. नवरा म्हणतो १,५०० वाचले. ते वाचले नाहीत, ते मी कमावलेत, चुलीपुढं उभं राहून. हे मी त्याला बोलले तर तो खरंच गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी मेथी निवडायला बसला. अजून बसतोय, तीन आठवडे झाले.

शाहूपुरीची_सून

पाटणची ताई, माझ्या मूळ पोस्टमध्ये हे यायलाच पाहिजे होतं आणि आलं नाही. आमच्याकडं भाकरी सासूबाई करतात, ७१ वर्षांच्या. माझा खर्च उतरला तो त्यांच्या हातांवर. संध्याकाळपासून हेच डोक्यात आहे.

गोडोली_नाका

पुरुष आहे, लॉकडाऊनमध्ये भाकरी शिकलो. पहिल्या २० भाकऱ्या नकाशे. नंतर आईनं सांगितलं पिठाची विरी (चिकटपणा) गेलीय, दळण महिन्याचं होतं. दहा दिवसांचंच दळून आणा, आणि पाणी चांगलं कडकडीत घाला. आता रविवारी मीच करतो.

पाटणची

@गोडोली_नाका तुमच्या मिसेसना माझ्याकडनं एक कडक चहा द्या

कराडची_वाचक

पहिल्यांदाच लिहितेय. भाड्याच्या खोलीत राहतो, दोन मुलं, मिस्टरांचं काम सीझनवर. रेशनचं धान्य माणशी ५ किलो फुकट मिळतं, गहू तांदूळ, त्यावर पोट भरतं हे खरं. पण महिन्याच्या शेवटी पैसे संपले की पहिलं कमी होतं ते भाजी आणि दूध. गहू तांदूळ कमी होत नाही. तुम्ही ४८ किलो भाजी लिहिलीत, आमच्याकडं १२-१३ किलो होत असेल.

पोरगं दुकानात ५ रुपयाचा बिस्किटचा पुडा मागतं. केळ ५० रुपये डझन म्हणजे एक ४ रुपयाला पडतं. मी महिनाभर पुडा बंद करून केळी आणली. स्वस्तच पडली. पण पुडा रडताना लगेच हातात देता येतो आणि केळी दोन दिवसांत काळी होतात, फ्रीज नाही आमच्याकडं. शाळेत दुपारची खिचडी मिळते त्याचा मोठा आधार आहे. मध्यंतरी अंडं मिळायचं त्या दिवशी धाकटा पळत जायचा.

विश्रामबाग_सांगली

कराडची वाचक, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. माझं ४८ किलोचं गणित पेन्शन येणाऱ्या घराचं आहे, हे मी तिथंच लिहायला हवं होतं. पुड्याचं म्हणाल तर ते तुमच्या एकट्या घरात नाही. सरकारची २०२२-२३ ची घरखर्चाची पाहणी मी वाचली होती, त्यात खाण्याच्या सगळ्या गटांत जास्त पैसा पेयं आणि तयार खाण्यावर जातो, शहरात तर एकूण घरखर्चाच्या १० टक्क्यांच्या वर. भाजी, फळं, डाळ, दूध, एकेक धरलं तर सगळी त्याच्या खाली.

तासगाव_द्राक्षवाला

दोन वाक्यं आमच्या बाजूची. तुम्ही मेथी २० रुपये पेंडी घेता, मागच्या हिवाळ्यात आम्ही सौद्यात ३ रुपयांनी दिली. वाहतूक पण निघाली नाही, उरलेली म्हशीला घातली. मधली १७ रुपयं कुठं जातात ते मला माहीत आहे, पण त्यावर लिहायला बसलो तर रात्र सरंल. गावात पाहुणा असंल तर त्याच्याकडनं थेट न्या, चार घरं मिळून गाडी लावा. सांगलीत दोन सोसायट्यांना आम्ही आठवड्याला क्रेट देतो, पेंडीला १०. त्यांना निम्म्यात पडते, आम्हाला तिप्पट मिळतात.

बेदाणा पण थेट घ्या. पोरांना बिस्किटाऐवजी मूठभर. @कराडची_वाचक ताई, बेदाण्याला फ्रीज लागत नाही, डब्यात महिने टिकतो. पुढच्या आठवड्यात कराडला येतोय, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघा. नाही म्हणू नका, घरचा माल आहे.

कराडची_वाचक

दादा बघितला. काय बोलू.

माणदेशी_पोरगा

तासगावकर 🙏

शाहूपुरीची_सून

यांची तपासणी परवा झाली, ५.९ आलंय. नुसती भाकरी म्हणणार नाही, रोज यवतेश्वरच्या घाटात चालायला पण जातात. आणि कालपासून आमच्याकडं ठरलंय, संध्याकाळच्या भाकऱ्या मोठा मुलगा आणि मी, सासूबाई फक्त बसून सांगणार. काल त्यानं पहिली केली, सासूबाईंनी ती दुसऱ्या कुणाला खाऊ दिली नाही, स्वतः दुधात कुस्करून खाल्ली.

कृष्णाकाठची

कुणाला हुलग्याच्या माडग्याचं माहीत आहे का? मामंजी लहानपणी खायचे म्हणतात. हुलगे रात्री भिजवायचे का?

माणदेशी_पोरगा

भिजवायचे नाहीत वहिनी. भाजून दळायचे, पीठ पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं, सारखं हलवत. आजी गूळ घालायची, तुम्ही मामंजींना मीठ आणि लसूण घालून द्या.