सिस्को व्हॉइसचा अभ्यास करायचाय, हा जुना लॅब सेट घेऊ काय नको?

जांबोटीकर:
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, रोज बेळगावच्या उद्यमबागला अप-डाऊन करतोय, एका फाउंड्रीत आयटी बघतोय म्हणजे प्रिंटर, सीसीटीव्ही, टॅली, आणि कोण पासवर्ड विसरला तर तेपण मीच. आमच्याकडं जुनं ईपीएबीएक्स (ऑफिसचं फोन एक्सचेंज) आहे, एक पीआरआय (एकाच वेळी बरेच कॉल नेणारी) लाइन आहे, आणि आता शिनोळीला कंपनीचं दुसरं युनिट निघालंय तिथंपण फोन पाहिजेत. साहेब म्हणाले सगळं आयपी फोनवर नेऊया, तू शिकून घे. सीसीएनए, म्हणजे सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा, मागच्या वर्षी झालीय माझी.

आता प्रश्न असा की हुबळीतले एकजण आपला लॅब सेट विकूलेत. २८११ राऊटर एक, ३५५० चं २४ पोर्टचं पीओई (नेटवर्कच्या वायरीतनंच फोनला पॉवर देणारं) स्विच एक, ७९४० फोन दोन, ७९४२ फोन दोन, त्याबरोबर सीसीएनए व्हॉइसची दोन जाडजूड पुस्तकं आणि व्हिडिओ भरलेली एक हार्ड डिस्क. सगळं मिळून १८ हजार सांगूलेत. फोटोत तर झ्याक दिसतंय. खरं माझ्या पगारात १८ हजार म्हणजे चेष्टा नव्हे, आई म्हणूलीय त्यात पावसाआधी घराची कौलं परतून होतील.

घरात एक डेस्कटॉप आहे, आय५, १६ जीबी रॅम. आणि आमच्याकडं एकदा पाऊस लागला की लाइटचा भरवसा नाही तेपण धरून सांगा. घेऊ काय?

लूपबॅक_येळ्ळूर:
थांब थांब, पैसे दिले नाहीस न्हवं अजून?

पहिली गोष्ट, सीसीएनए व्हॉइस नावाची परीक्षाच आता नाही. तिचं पुढं सीसीएनए कोलॅबरेशन झालं आणि तेपण २४ फेब्रुवारी २०२० ला बंद पडलं. आता सरळ सीसीएनपी कोलॅबरेशन. त्यात दोन पेपर, एक ३५०-८०१ म्हणजे सीएलकोर, दोन तासांचा, आणि दुसरा आपण निवडायचा, तुझं काम बघता ३००-८१५ बरा, त्यात कॉल कंट्रोलच जास्त आहे. पहिला ४०० डॉलर, दुसरा ३०० डॉलर, वर टॅक्स. म्हणजे ७०० डॉलर नुसती फी. लॅबमध्ये पैसे घालून फीला उरले नाहीत असं करू नको बाबा, मी तेच केलतं, दोन वर्षं राऊटर पलंगाखाली आणि परीक्षा कायम पुढच्या महिन्यात.

आता सेटचं बघू. ३५५० स्विच सिस्कोची जुनी इनलाइन पॉवर तेवढी देतोय, ८०२.३एएफ म्हणजे नंतर आलेली स्टँडर्ड पॉवर देत नाही. ७९४० ला तीच जुनी पॉवर लागते, म्हणजे ती दोघं एकमेकांची जोडी. उद्या तू बाजारातला साधा एएफ इंजेक्टर (वायरीत पॉवर घालणारा डबा) आणलास तर ७९४० उठणार नाही, आणि ३५५० ला ८८०० सिरीजचा फोन लावलास तर तोपण उठणार नाही. म्हातारा-म्हातारीला एकत्रच ठेवायचं, वेगळं केलं की दोघं बसतात. स्विच घ्यायचाच असेल तर ३५६०-२४पीएस बघ, तो दोन्ही पॉवर देतोय. नाहीतर ७९४२ साठी दोन एएफ इंजेक्टर आणि घरातला कुठलाही मॅनेज्ड स्विच, व्हॉइस व्हीलॅन (फोनचं वेगळं नेटवर्क) शिकायला तेवढं बास.

२८११ बद्दल एकच प्रश्न विचार त्या माणसाला, आत पीव्हीडीएम२ (आवाजावर काम करणाऱ्या डीएसपी चिपची काडी) आहे काय? फोटो नको, शो इन्व्हेंटरी कमांडचं आउटपुट माग. ती डीएसपीची काडी नसेल तर एफएक्सओ (साध्या टेलिफोन लाइनचं) कार्ड चालत नाही, ई१ (पीआरआयचं) चालत नाही, ट्रान्सकोडिंग (आवाजाचा फॉरमॅट बदलणं) नाही, कॉन्फरन्स नाही, मग तो राऊटर नुसता आवाज करणारा डबा. आणि आवाज म्हणजे आवाज, आमच्या घरात वाटायचं कोणतरी कायम मिक्सर लावून बसलंय.

सगळ्यात मोठं शिक्षण कॉलमॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे फोन सांभाळणाऱ्या सिस्कोच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते तुझ्या डेस्कटॉपवर व्हीएम (कॉम्प्युटरातला आभासी कॉम्प्युटर) करून चालतंय, ८० जीबी डिस्क दे, रॅम बऱ्यापैकी दे, एक पब्लिशर (मुख्य सर्व्हर) पुरे, सबस्क्रायबरच्या (जोड सर्व्हरच्या) नादाला लागू नको. १२ च्या पुढची व्हर्जन ९० दिवस इव्हॅल्युएशनमध्ये चालते, तेवढ्यात अभ्यास उरकायचा. इन्स्टॉल करताना लोक अडकतात ते एनटीपीला, म्हणजे नेटवर्कवरनं वेळ घेण्याला. त्याला खरा एनटीपी सर्व्हर पाहिजे, विंडोजचं घड्याळ दाखवून भागत नाही. राऊटरवर एनटीपी मास्टर कर आणि त्याचा आयपी दे. होस्टनेम आणि आयपी आधी वहीत लिहून मग इन्स्टॉलला बस, नंतर बदलणं म्हणजे डोकेदुखी.

आणि लाइटचं म्हणालास ते लई महत्त्वाचं. कॉलमॅनेजरची व्हीएम धाडकन बंद झाली की फाइल सिस्टिम बिघडते, मग रिकव्हरी डिस्क घेऊन बसा नाहीतर सगळं परत टाका. ढग गडगडायला लागले की आधी युटिल्स सिस्टिम शटडाउन, मग भजी. छोटा यूपीएस घे, तो १८ हजारांत धर.

कॉलमॅनेजरची इन्स्टॉल फाइल (आयएसओ) मात्र टेलिग्रामवरनं उचलू नको. डाउनलोडला कॉन्ट्रॅक्ट लागतं, तुमची कंपनी सिस्टिम घेणारच असेल तर सिस्को विकणाऱ्या पार्टनरला आत्ताच सांग आमच्या माणसाला शिकायला पाहिजे म्हणून, लाजू नको.

निपाणीचा_पेंग्विन:
लूपबॅक भाऊंचं बरोबर आहे खरं मी जरा उलटं सांगालोय. अजून एक रुपया घालू नका. आधी ॲस्टरिस्क हे फोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, १९९९ पासनं चालू आहे, साध्या लिनक्सवर पळतंय, मोबाइलमध्ये लिनफोन हे फोनचं ॲप टाका, घरातल्या वायफायवर दोन मोबाइल एकमेकांना लावून बघा आणि वायरशार्क (नेटवर्कवरनं काय जातंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवा. परीक्षा सिस्कोची असली तरी एसआयपी (कॉल जोडायची भाषा) कुणाच्या बापाचा नाही. इन्व्हाइट गेला, १०० ट्राइंग आला, १८० रिंगिंग, २०० ओके, एसीके, मग बोलणं, मग बाय, हे एकदा स्वतःच्या डोळ्यानं बघितलं की पुस्तकातला तो बाणांचा चार्ट पाठ करायला लागत नाही. वायरशार्कमध्ये टेलिफोनी मेन्यूत व्हीओआयपी कॉल्स म्हणून आहे, तिथं कॉल निवडून आवाजपण ऐकता येतोय, मी पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला आणि लाजलो.

एसडीपी, म्हणजे एसआयपी मेसेजमधला आवाजाचा तपशील, वाचायला शिका. सी इज इक्वल टू वाली जी ओळ असते, त्यात आवाज कुठल्या आयपीवर पाठवायचा ते लिहिलेलं असतंय. आवाज सर्व्हरमधनं जातोय असं सगळ्यांना वाटतंय, खरं कॉलमॅनेजरमध्ये तो बहुतेक वेळा फोन टू फोन जातोय, सर्व्हर नुसता ओळख करून देतोय, लग्न जुळवणाऱ्यासारखा. निम्मे प्रॉब्लेम इथंच असतात.

जीएनएस३ (कॉम्प्युटरवर राऊटर चालवणारं सॉफ्टवेअर) मध्ये राऊटर चालतील खरं त्यात डीएसपी नाही, म्हणून एफएक्सएस (साधा फोन लावायचं पोर्ट), ई१, ट्रान्सकोडिंग तिथं शोधू नका. क्यूबसाठी (बाहेरची एसआयपी लाइन जोडणाऱ्या राऊटरसाठी) सीएसआर१०००व्ही ची व्हीएम चालते. डीक्लाउड या वेबसाइटवर सिस्कोचे तयार लॅब असतात, लॉगिन करून काही दिवसांसाठी बुक करता येतात, त्यातलं आपल्या अकाउंटला काय काय उघडतंय ते आधी बघा.

जांबोटीकर:
दोघांनापण लई लई धन्यवाद. सीसीएनए व्हॉइस बंद झालंय हे त्या माणसानं सांगितलंच नाही. पुस्तकं मग रद्दी म्हणायची काय?

लूपबॅक_येळ्ळूर:
रद्दी नव्हे. एफएक्सओ-एफएक्सएस म्हणजे काय, कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) म्हणजे काय, जी.७११ या कोडेकचा ६४ केबीपीएस आवाज इथरनेटवर हेडर धरून ८७.२ कसा होतोय आणि जी.७२९ चा ८ चा ३१.२ कसा, हे गणित बदललेलं नाही. फुकट मिळाली तर ठेव, पैसे देऊ नको. आता वाचायचं ते सिस्को प्रेसचं सीएलकोरचं ऑफिशियल सर्ट गाईड, आणि सिस्कोच्या वेबसाइटवर फुकट असलेलं एसआरएनडी हे डिझाइन गाईड. एसआरएनडी म्हणजे डोंगर आहे, सगळं वाचायला जाऊ नको, डायल प्लॅन (कुठला नंबर कुठं पाठवायचा ते), बँडविड्थ आणि कॉल ॲडमिशन कंट्रोल, मीडिया रिसोर्सेस एवढं वाच. सिस्को लाइव्हची जुनी भाषणं लॉगिन करून फुकट बघता येतात, डायल प्लॅनवरची शोध, ती त्या हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी भारी. डंपच्या (परीक्षेतल्या फुटलेल्या प्रश्नांच्या) नादाला लागू नको, पास होशील आणि साहेबानं शिनोळीत उभं केल्यावर घाम फुटेल.

क्रोन_टूल:
मी पुस्तकातला माणूस नव्हे. २० वर्षं क्रोन टूल (फोनच्या वायरी बसवायचं हत्यार) घेऊन लाइनीचे डीपी बॉक्स उघडत फिरलो, मग आयपीत आलो. वरच्यांनी चांगलं सांगितलंय, मी तेवढं ते सांगतो जे अमेरिकन पुस्तकात नसतं.

एक, त्यांच्या पुस्तकात टी१, २३ चॅनेल बोलायला आणि एक सिग्नलिंगला. आपल्याकडं पीआरआय म्हणजे ई१, ३० चॅनेल बोलायला, १६ वा टाइमस्लॉट सिग्नलिंगला. परीक्षेत दोन्ही विचारतील, कामावर आपलंच लागणार. ॲनालॉग लाइन लावली तर राऊटरवर सीपीटोन आयएन (भारतातले टोन) करा, नाहीतर समोरच्यानं फोन ठेवला तरी राऊटरला कळत नाही आणि लाइन तशीच अडकून बसते.

दोन, डायल प्लॅन. त्यांच्याकडं बाहेर जायला ९ दाबतात. आपल्याकडं बहुतेक ऑफिसात ० दाबायची सवय, आणि एसटीडीलापण ०, इथंच घोळ होतो. लोक आळसानं ०.! (० नंतर कितीपण आकडे) असं एकच रूट पॅटर्न ठोकून मोकळे होतात, मग सगळा नंबर दाबून झाल्यावरपण सिस्टिम अजून आकडे येतील म्हणून थांबते, टी३०२ टायमर मुळात १५ सेकंदांचा असतो. १५ सेकंद रिसीव्हर कानाला लावून बसलेला साहेब काय बोलतो ते मी इथं लिहीत नाही. नीट करायचं म्हणजे बेळगावच्या लोकल लँडलाइनला ०.२XXXXXX (एक्स म्हणजे कुठलापण एक आकडा) कारण ०८३१ नंतर सात आकडे, आणि एसटीडीला ०.०[१-८] पुढं नऊ एक्स, कारण कोड आणि नंबर मिळून दहाच होतात, मग कोल्हापूर ०२३१ असू दे नाहीतर हुबळी ०८३६. मोबाइलची आणखी एक गंमत, १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरनं मोबाइलला आधी ० लावायला लागतं. माणसं सवयीनं बाहेरचा ० आणि लगेच मोबाइल नंबर दाबणार, म्हणून ०.[६-९] पुढं नऊ एक्स असं घ्या, टिंबाच्या आधीचा ० काढा आणि जाताना प्रीफिक्स ० लावा. ही एक ओळ स्वतः लिहून चालवली की डिजिट मॅनिप्युलेशनचा धडा झाला. इमर्जन्सीचा ११२ विसरू नका, ० लावून आणि न लावता, दोन्ही.

तीन, आणि हे तुमच्या कामाचं सगळ्यात जास्त. उद्यमबाग कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात, मोटरसायकलवर थोड्या वेळाचा रस्ता, खरं टेलिकॉम सर्कल दोन. दोन युनिटमध्ये एक्स्टेंशन टू एक्स्टेंशन बोलणं वेगळं आणि शिनोळीचा माणूस आयपीवरनं उद्यमबागला येऊन तिथल्या पीआरआयमधनं बेळगावात फोन लावतो ते वेगळं. याला टोल बायपास म्हणतात आणि आपल्या देशात यावर नियम आहेत. त्यासाठीच कॉलमॅनेजरमध्ये लॉजिकल पार्टिशनिंग म्हणून फीचर आहे, त्याच्या डॉक्युमेंटमध्ये भारताचं नावच आहे. नियम अधूनमधून बदलतात म्हणून प्रत्यक्ष जोडायच्या आधी टेलिकॉम कंपनीकडनं लेखी घ्या. सीमेवर राहायचं म्हणजे फोनलासुद्धा दोन राज्यं.

घरच्या लॅबमध्ये हेच दोन युनिट मांडा. दोन लोकेशन, दोन रीजन, मध्ये जी.७२९, आत जी.७११, आणि मधली वायर उपटून बघा शिनोळीचे फोन एसआरएसटीवर (कॉलमॅनेजर तुटल्यावरच्या सोयीवर) राऊटरला जाऊन बसतात काय. याच्यापेक्षा चांगला लॅब कुणी विकत देणार नाही.

जांबोटीकर:
मंडळी, दीड महिन्यानं येऊलोय. हुबळीला जाऊन राऊटर आणि दोन ७९४२ तेवढे घेतले, पीव्हीडीएम२-३२ आत होती, साडेसहा हजारांत तुटलं, स्विच आणि पुस्तकं सोडली. उरलेल्या पैशात कौलं परतून झाली, आई खूश. कॉलमॅनेजर कंपनीच्या पार्टनरकडनं मिळालं, एनटीपीला दोनदा अडकलो, मग लूपबॅक दादांची पोस्ट परत वाचली.

एक्स्टेंशन १००१ वरनं १००२ ला घंटी वाजली त्या दिवशी शेजारचेपण बघायला आले. आता अडचण अशी की ज्या डेस्कटॉपवर कॉलमॅनेजरची व्हीएम आहे त्यावरच मायक्रोसिप (कॉम्प्युटरवरचा सॉफ्टफोन) टाकून १००३ केलंय. १००१ वरनं १००३ ला कॉल लागतोय, उचललं जातंय, मी डेस्कटॉपवरनं बोललो तर आईला फोनवर ऐकू जातंय, खरं आई बोलली की मला काहीच नाही. फायरवॉल बंद करून बघितली. आई म्हणूलीय तुझ्या फोनला माझं ऐकायचंच नाही.

निपाणीचा_पेंग्विन:
इन्व्हाइटचं किंवा २०० ओकेचं एसडीपी उघडा, मायक्रोसिपकडनं जाणारं. सी वाल्या ओळीत कुठला आयपी आहे? त्या मशीनवर व्हीएमवेअरची (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) व्हीएमनेट नावाची आभासी नेटवर्क कार्डं असणार. माझा अंदाज त्यातलाच आयपी मायक्रोसिप सांगालंय, आणि फोन बिचारा आवाज त्या पत्त्यावर पाठवालाय जो तुमच्या घरात अस्तित्वातच नाही.

जांबोटीकर:
व्हीएमनेट८ चाच आयपी होता. ती दोन्ही कार्डं डिसेबल केली, मायक्रोसिप बंद करून चालू केलं, आईचा पहिला शब्द ऐकू आला तो "जेवायला ये". आता डायल प्लॅन करूलोय, क्रोन टूल काका, ०.! माझ्याकडनंपण झालंच होतं, पंधरा सेकंद मोजूनच मग काढलं.

क्रोन_टूल:
११२ घातलं काय?

जांबोटीकर:
घालतो.