हेत्वाभास म्हणजे खोटा हेतू नव्हे!

साखरपेठकर : काल इथे एका काकांनी लिहिलं, "उजनी धरण 100 टक्के भरलं, आता सोलापूर शहराला रोज पाणी येणार." त्यावर एकाने सुनावलं, "हा हेत्वाभास आहे, तुमचा हेतूच खोटा." हे काही माझ्या डोक्यातून जाईना. मराठीत हेतू म्हणजे मनातला उद्देश, पण न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, हेतू म्हणजे अनुमानासाठी दिलेलं कारण. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, यात धूर हा हेतू. जे कारणासारखं भासतं पण कारण ठरत नाही, तो हेत्वाभास. प्रामाणिक माणसाकडूनही तो होतो. जाणूनबुजून समोरच्याचा शब्द फिरवणं वेगळं, त्याला न्यायसूत्रं लिहिणाऱ्या गौतमाने छल म्हटलंय. 'नवकंबल' म्हणजे नवी घोंगडी घेतलेला, पण संस्कृतात 'नव' म्हणजे नऊही, म्हणून ऐकणारा मुद्दाम विचारतो, नऊ घोंगड्या कुठायत?

पूर्वभागवाला : ते 'हेत्वाभास, हेतू खोटा' लिहिणारा मीच. लोक वापरतात तोच शब्दाचा अर्थ. मला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं ना? न्यायसूत्रं वाचून इथे कोण बोलतं? पाण्याचं बोला. आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी, तेही रात्री दोनला. बायको पिंपाशेजारी पाट टाकून बसते, सकाळी सातला मला मागावर जायचं असतं.

जुळेसोलापूरकरीण : पाण्याचंच बोलते. धरण भरल्याची बातमी आली की सासूबाई दरवर्षी म्हणतात, आता हंडे माळ्यावर टाका. दरवर्षी तेच हंडे परत खाली काढते. काकांची चूक हीच, आणि तिला न्यायशास्त्रात सव्यभिचार म्हणतात, म्हणजे दिलेलं कारण असलं तरी निष्कर्ष खरा असेलच असं नाही. आग आहे म्हणून धूर असेलच, हे म्हणणं असंच. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. तसं धरणात पाणी असतं, नळाला नसतं. मधे जलवाहिनी आहे, पंप आहेत, टाक्या आहेत.

पूर्वभागवाला : म्हणजे मुद्दा माझाच बरोबर! आणि ताई, तुमच्या भागात घरोघरी बोअर आहेत, तुम्हाला काय कळणार?

जुळेसोलापूरकरीण : आमचा बोअर दोन वर्षं कोरडा आहे. मागच्या उन्हाळ्यात नणंदेच्या बाळंतपणात टँकर विकत घेतलाय मी. माहिती नसताना बोलू नका.

पूर्वभागवाला : बरं, बोअरचं चुकलं. पण सगळेच असे गळा काढतात आणि आमच्या चाळीचं कुणी ऐकत नाही.

साखरपेठकर : ऐकतोय की. आमच्याकडेही चौथा दिवस आहे. पण तर्क चुकला म्हणून माणूस खोटा, असं म्हणू नका. असं म्हटलं की पुढचा माणूस बोलायचाच बंद होतो. हेत्वाभास जड वाटत असेल तर तर्कदोष म्हणा.

जुना गिरणी कामगार : काका म्हणजे मीच. टीव्हीवर उजनीचे दरवाजे उघडलेले बघितले, फार बरं वाटलं, म्हणून लिहिलं. तुमचं वाचल्यावर परत फोन हातात घेतला नव्हता.

पूर्वभागवाला : काका, 'हेतू खोटा' मागे घेतो. यापुढे तर्कदोषच लिहीन. पाण्याचं मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.