भेंडीची तार: कुठे घालवायची, कुठे ताणायची?

पाटावरवंटा: इजिप्तची बामिया (टोमॅटोच्या रश्शातली भेंडी) केली की रस्सा बुळबुळीत होतो. नायजेरियाच्या भेंडीच्या सूपला तार हवी, तर तिथे नुसत्या चकत्या पाण्यात तरंगतात. चुकतंय कुठे, चिरण्यात की शिजवण्यात?

खलबत्ता: दोन्हीकडे. शेंग चिरली की आतला चीक पाण्यात उतरतो, तीच तार. आंबटाने ती मोडते.

बामियाला बोटाच्या पेराएवढ्या कोवळ्या शेंगा घ्या. धुऊन पुसून खडखडीत कोरड्या करा. देठ पेन्सिलीला टोक काढतात तसा तासा, आतली पोकळी उघडी पडू देऊ नका. बहुतेकांचं इथेच बिनसतं. अर्धा किलो भेंडी 3 चमचे तेलात 5-6 मिनिटं परता, मग शिजलेल्या टोमॅटोच्या रश्शात एका लिंबाच्या रसासह मंद आचेवर 15-20 मिनिटं. डाव घालू नका, पातेलंच हलवा. लसूण-धण्याची फोडणी शेवटी. लोखंडी कढई नको, भेंडी काळी पडते.

कढीलिंब: सूपला सगळं उलट. चकत्या नकोत, किसणीवर किसा. लिंबू-टोमॅटो वर्ज्य. तिथे तार वाढवायला एक खनिज क्षार घालतात. त्याऐवजी 2 वाट्या किसाला चिमूटभर खायचा सोडा. जास्त पडला तर साबणासारखी चव येते. कीस सगळ्यात शेवटी घालून झाकण न ठेवता 5 मिनिटं, बस. फार उकळलं की तार तुटते. (अमेरिकेतल्या लुइझियानाच्या गंबो या दाट रश्शात भेंडी तासभर शिजते, कारण तिथे दाटपणा हवा, तार नको. गंबो हे नाव आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधल्या भेंडीच्या शब्दावरून आलंय असं मानतात.)

बांधावरून: शेंग जून असेल तर वरचं सगळं फुकट. फूल उमलल्यावर 5-7 दिवसांत तोडा, नंतर दिवसाआड. शेंडा कट्कन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर बियाण्याला ठेवा. पण सगळ्याच झाडांवर जून शेंगा ठेवू नका, नवी फुलं कमी येतात. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा: विषाणू, पांढऱ्या माशीमुळे पसरतो. औषध नाही, झाड उपटा.

पाटावरवंटा: देठच चुकत होता तर! गोठवलेली भेंडी चालेल?

खलबत्ता: सूपला उत्तम, बर्फाने पेशी आधीच फुटलेल्या असतात. बामियाला अख्खीच घ्या आणि वितळू न देता थेट गरम तेलात टाका. तेल उडेल, सांभाळून.