रास्पबेरी पायवर जुनी लायब्ररी बिल्ड होईना : 'कॅनॉट गेस बिल्ड टाइप'

खटपट्या : रास्पबेरी पाय ४ या आर्म प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर ६४ बिट डेबियन लिनक्स आहे. २००९ सालच्या टारबॉलमधली (सोर्स कोडच्या गठ्ठ्यातली) एक ऑडिओ लायब्ररी हवीय. कॉन्फिगर (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) वरच्या एररवर थांबतं. '--बिल्ड'मध्ये मशीनचं नाव एआर्च६४-अननोन-लिनक्स-जीएनयू (एआर्च६४ म्हणजे ६४ बिट आर्म) लिहून दिलं, तर आता 'मशीन नॉट रेकग्नाइज्ड'! इंटेलच्या लॅपटॉपवर हेच टारबॉल निमूट बिल्ड होतं. कंपायलर बदलून पाहू का?

शेलकरी : कंपायलरला हात लावू नका, त्याची पाळीच अजून आलेली नाही. मशीन कोणतं ते ओळखणारी कॉन्फिग.गेस ही टारबॉलमधलीच साधी शेल स्क्रिप्ट. यूनेम या मशीनचं नाव सांगणाऱ्या कमांडचं उत्तर घेते आणि लांबलचक केस स्टेटमेंटमध्ये, म्हणजे ओळखीच्या नावांच्या यादीत, शोधत बसते. ६४ बिट आर्म त्यात आलं २०१२ मध्ये, तुमची प्रत २००९ ची. तिला ठाऊक असणार कुठून? तुम्ही नाव हाताने दिलंत म्हणून गेस गप्प बसली, पण ते नाव तपासते कॉन्फिग.सब, आणि तीही तितकीच जुनी.

ऑटोटूल्स-डेव्ह पॅकेज टाका. यूएसआर/शेअर/मिस्कमध्ये दोन्हींच्या ताज्या प्रती मिळतील, त्या जुन्यांवर कॉपी करा. केस स्टेटमेंटमध्ये स्वतः ओळ घुसवायच्या फंदात पडू नका. डेबियनवालेही पॅकेज बांधताना हेच करतात, डीएच_अपडेट_ऑटोटूल्स_कॉन्फिग ही कमांड त्यासाठीच आहे.

मेकफायली : सरळ ऑटोरीकॉन्फ -एफआय चालवून कॉन्फिगरच नव्याने का बनवू नये?

शेलकरी : चालू प्रोजेक्ट असेल तर जरूर. पण कॉन्फिगर ज्या फाइलीतून बनतं त्या इतक्या जुन्या कॉन्फिगर.इनवर, ते बनवणारं आजचं ऑटोकॉन्फ मॅक्रोंवरून कटकट करू शकतं. दात दुखतो म्हणून जबडा कशाला बदलायचा?

पायवेडा : माझ्याकडे उलटा घोळ होता. ओएस ३२ बिट, कर्नल मात्र ६४. यूनेम एआर्च६४ म्हणतो, गेस विश्वास ठेवते, आणि ३२ बिट कंपायलरला ६४ बिटची असेंब्ली मिळते. कॉन्फिगरच्या आधी 'लिनक्स३२' (यूनेमला ३२ बिटचं उत्तर द्यायला लावणारी कमांड) लावलं आणि सुटलो.

खटपट्या : दोन्ही फाइली बदलल्या. कॉन्फिगर बरंच पुढे गेलं, पण सोबत आलेल्या लिबएलटीडीएल या मदतनीस लायब्ररीच्या फोल्डरात शिरल्यावर पुन्हा तीच एरर.

शेलकरी : त्या फोल्डरात स्वतःची वेगळी जोडी असते. फाइंड चालवून कॉन्फिग.गेस आणि कॉन्फिग.सब जिथे जिथे दिसतील तिथे बदला. मग मेक डिस्टक्लीन चालवून आधीचं सगळं साफ करा, आणि कॉन्फिगर पहिल्यापासून. आधी दिलेलं '--बिल्ड' काढून टाका, आता त्याची गरज नाही.

खटपट्या : झालं! मेक इन्स्टॉलसुद्धा झालं.