घर बघायला गेलात तेव्हा वाजले किती होते?

सोलापूर रस्त्याच्या बाजूला फ्लॅट घेतला. बघितला तो रविवारी सकाळी अकराला. एजंटाने खिडक्या सताड उघडल्या, "हवा बघा मॅडम!" राहायला गेलो त्या रात्री दहाच्या सुमारास वास आला. आंबूस, वर जळक्या प्लास्टिकची फोडणी. कचरा डेपो चांगला चार किलोमीटर लांब! दिवसा ऊन तापलं की हवा वर उचलली जाते. रात्री गार हवा जमिनीलगत बसून राहते, वासासकट. आता वाळलेले कपडे सातच्या आत घरात, नाहीतर पुन्हा धुवा. वॉचमनला विचारलं तर म्हणे, "तुम्ही आधी विचारलंच नाही ताई." तुमचे अनुभव लिहा, कुणाचे तरी पैसे वाचतील.

—

आम्ही मे महिन्यात बघितलं, साखर कारखान्याजवळ. गाळप बंद, गाव कसं झकास! दिवाळीनंतर धुराडं पेटलं. मळीचा वास अंगवळणी पडतो, त्याची तक्रार नाही. पण डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशची (मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी) झुळूक जेवताना आली की घास फिरतो. शिवाय बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चिपाडाची काजळी, पांढऱ्या सदऱ्यावर तीळ सांडल्यासारखी. ती फुंकरायची, चोळायची नाही. हे सासूबाईंनी शिकवलं, तोवर दोन सदरे गेले होते.

—

डोंबिवली. २०१४ ला हिरवा पाऊस, २०२० ला एमआयडीसीत गुलाबी रस्ता. वासाचं काय घेऊन बसलात!

—

आमच्या कोळीवाड्याला लागून टॉवर झाला. लोक फ्लॅट बघून गेले जून-जुलैत, मासेमारी बंद असताना. पुढे बोंबील वलांडीवर (वाळवायच्या बांबूच्या मांडवावर) चढले आणि सोसायटीचा तक्रार अर्ज आला. आजीच्या आजीपासून तिथेच वाळतात हो.

—

दिल्लीत अकरा वर्षं काढली. नाकावर भरवसा ठेवू नका, पीएम २.५, म्हणजे हवेतली अतिसूक्ष्म धूळ, वासाने कळत नाही. वर्षाच्या सरासरीची आपली मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची ५. (हो, पाचच.) केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्रवार जुने आकडे मिळतात. नोव्हेंबर ते जानेवारीचे काढा. पावसाळ्यात काय, कुठलंही शहर महाबळेश्वर वाटतं.

—

पार्ल्यात बिस्किटांचा वास यायचा, स्टेशन डोळे मिटून कळायचं. २०१६ ला फॅक्टरी बंद झाली.

—

टोकन दिलंय, करार शुक्रवारी. आज रात्री दहाला जाऊन गच्चीवर उभा राहतो.