जुन्या खोक्यातले गॉगल भट्टीपुढे चालतील का?

नवखा_घण

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईचा आहे.

हौस म्हणून लोहारकाम सुरू करतोय. गॅसवरची लहान भट्टी तयार झाली, पण ऐरणीपाशी गाडी अडलीय. एक वर्कशॉप कायमचं बंद होतंय आणि मालक सगळा माल एकगठ्ठा काढतोय. सुटं काही देणार नाही म्हणतो. भाव मात्र इतका कमी सांगितलाय की मी दोनदा विचारून खात्री केली.

मालात एक ऐरण आहे. शिंग शाबूत, एका बाजूची कड थोडी उडालेली, अंगावर १-२-१० असे आकडे कोरलेत. शिवाय लेग व्हाइस (जमिनीपर्यंत पाय असलेला लोहारी शिकंजा), सात-आठ सांडशी, डोकी पसरलेले हातोडे, बेंच ग्राइंडर, कटिंग व्हीलचा न फोडलेला गठ्ठा, पांढरट जाड हातमोजे आणि चष्म्या-गॉगलांनी भरलेला एक खोका.

माझा खरा प्रश्न त्या खोक्याबद्दल आहे. त्यात जांभळट काचेचा चष्मा आहे, गडद निळ्या काचांचा एक आहे, गोल हिरव्या काचांचा वेल्डिंगवाला गॉगल आहे, दोन पारदर्शक गॉगल आणि एक चरे पडलेलं फेस शील्ड आहे. मालक म्हणतो, जांभळा चष्मा खास भट्टीचाच, नवा घ्यायला गेलात तर फार महाग पडतो. हे वापरले तर नव्याचा खर्च वाचेल का? मला दूरचं कमी दिसतं, रोजचा नंबरचा चष्मा आहे, हेही सांगून ठेवतो.

ऐरणवेडा

खोक्याचं जाणकार सांगतील, मी ऐरणीपुरतं बोलतो.

ते आकडे जुन्या इंग्रजी वजनाचे आहेत. पहिला हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंड. दुसरा पाव हंड्रेडवेटचा, एकेक २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. तुमची ऐरण ११२ + ५६ + १०, म्हणजे १७८ पौंड भरते, साधारण ८१ किलो. हौशी माणसाला जन्मभर पुरेल.

घेण्याआधी बेअरिंगमधली एक पोलादी गोळी खिशात घालून जा. वीतभर उंचीवरून ऐरणीच्या तोंडावर सोडा आणि किती उसळते ते बघा. तीन चतुर्थांश उंची गाठली तर तोंड चांगलं कडक आहे. एखाद्या जागी गोळी मेल्यासारखी पडली तर तिथे पोलाद मऊ झालंय किंवा वरची पाटी खालून सुटलीय. सगळं तोंड असं तपासा, एकच जागा नको. आवाजावर फार जाऊ नका. फिशर या कंपनीच्या ऐरणी बिडाच्या अंगावर पोलादी तोंड बसवून केलेल्या असत. त्या घंटेसारख्या वाजत नाहीत, तरी कामाला उत्तम.

कड उडालीय म्हणून वरून मिलिंग करून घ्यायचा, म्हणजे यंत्रावर तोंड छिलून सपाट करायचा, मोह टाळा. कडक थर मुळात पातळ असतो, तो छिलला की ऐरण गेली. उडालेली कड ग्राइंडरने गोलसर करा आणि कामाला लागा. हातोड्यांची पसरलेली डोकीही आधी घासून घ्या, त्या मिशांचे तुकडे गोळीसारखे सुटतात.

लेग व्हाइसच्या स्क्रूचे आटे तेवढे बघा. बाकी त्यात बिघडण्यासारखं फारसं नसतं.

फुंकनळी

मी लोहार नंतर झालो. आधी बरीच वर्षं प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं फुंकत होतो, आणि तो जांभळा चष्मा माझ्या नाकावर असायचा. त्यामुळे त्याच्याबद्दल ठामपणे बोलू शकतो. तो भट्टीचा नाही.

त्या काचेला डिडिमियम म्हणतात. तिच्यात निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम असतं. काच ज्योतीत धरली की तिच्यातल्या सोडियममुळे झगझगीत पिवळा उजेड पडतो, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि त्याच्यापुढे काम दिसेनासं होतं. डिडिमियम नेमका तेवढाच पिवळा खाऊन टाकतं. ज्योतीपलीकडची काच स्वच्छ दिसते, म्हणून काचवाल्यांना ती प्रिय. भट्टीतून येणारे अवरक्त, म्हणजे उष्णतेचे न दिसणारे किरण ती फारसे अडवत नाही. काही चष्म्यांत डिडिमियमच्या जोडीला वेल्डिंगच्या हिरव्या काचेचा थर असतो, ती गोष्ट वेगळी. नुसता जांभळा असेल तर गॅसच्या भट्टीपुढे लावून उपयोग नाही. उलट वाईट, कारण चकाकी कमी झाली म्हणून तुम्ही जास्त वेळ टक लावून बघाल.

निळ्याचंही तेच. कोबाल्टची काच डोळ्यांना गार वाटते, पण खोल लाल आणि त्यापुढचं बरंचसं आरपार जाऊ देते. जुन्या भट्टीवाल्यांकडे ती असायची ते आतला रंग नीट निरखायला.

आता मुद्दा. १२५० अंश सेल्सिअसला तापलेल्या भट्टीतून जी ऊर्जा बाहेर पडते तिचा सर्वात जोर १.९ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोळ्यांना दिसतं ते ०.७ मायक्रॉनपर्यंत. म्हणजे तुम्हाला दिसणारा लखलखाट एकूण ऊर्जेचा शंभरावा भागही नाही. बाकी सगळी न दिसणारी उष्णता. ती डोळ्यातल्या भिंगापर्यंत पोचते, आणि भिंगाला रक्तपुरवठा नसल्यामुळे तिथली उष्णता लवकर निघून जात नाही. दुखत नाही, चुरचुरत नाही, कित्येक वर्षांनी मोतीबिंदू होतो. काच कारखान्यांतल्या कामगारांना तो इतका व्हायचा की विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी योग्य काच शोधायला घेतली आणि १९१४ साली निष्कर्ष छापले. फेरस रूपातलं लोह मिसळलेली हिरवट काच उष्णता छान शोषते हे त्यातून पुढे आलं. लोखंडाची धग अडवायला काचेत लोखंडच घालायचं, मला ही गंमत अजून आवडते.

अतिनील किरणांची काळजी इथे करू नका. या तापमानाला ते नगण्य असतात, तो त्रास आर्क वेल्डिंगचा. त्यामुळे 'यूव्ही ४००' लिहिलेला काळा चष्मा भट्टीपुढे तुमचं काही राखत नाही. साधी काळी काच तर बाहुली मोठी करते आणि आत जास्त उष्णता घेते.

गोल हिरवा गॉगल तेवढा आपल्या जातकुळीतला. काचेवर नंबर शोधा. वेल्डिंगची ३ नंबरची काच दिसणाऱ्या उजेडापैकी साधारण १४ टक्के आत सोडते, ५ नंबरची जेमतेम २ टक्के. गोल गॉगलमध्ये बहुतेक ५ किंवा त्याहून गडद सापडते, ती गॅस कटिंगची. ती लावून सांडशीत लाल लोखंड धरून भट्टीपासून ऐरणीपर्यंत चालायचं म्हणजे पायाखालचं काही दिसणार नाही. भट्टीत बघायला ३ नंबर पुरतो.

घणाचा_घाव

एवढा बाऊ कशाला? पिढ्यान्‌पिढ्या लोहारांनी उघड्या डोळ्यांनी काम केलंय. आणि रंगीत काच लावली की लोखंडाचा रंग कळत नाही. रंग कळला नाही तर पाणी काय कपाळ देणार, म्हणजे तापलेलं पोलाद बुडवून कडक कसं करणार?

फुंकनळी

@घणाचा_घाव, रंगाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. हिरव्या काचेतून नारिंगी आणि पिवळा यांत गोंधळ होतोच. म्हणून मी गडद काच ऐरणीवर लावतच नाही. माझ्या गॉगलला वर उचलायची झापड आहे. खाली पारदर्शक पॉलिकार्बोनेट (चिवट प्लॅस्टिक), वर ३ नंबर. भट्टीच्या तोंडात डोकवायचं असेल तेव्हा झापड खाली, लोखंड बाहेर आलं की वर. पाणी देताना चुंबक जवळ ठेवा. कार्बन पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं, तिथून थोडं वर नेलं की झालं. चुंबकाला चष्म्याची अडचण नाही.

पिढ्यांचं म्हणाल तर, कोळशाच्या उघड्या भट्टीत लोखंड निखाऱ्यांखाली असतं आणि माणूस वरून तिरका बघतो. गॅसच्या भट्टीत चारी भिंती तापून पांढऱ्यापिवळ्या होतात आणि ते सगळं एका तोंडातून थेट चेहऱ्यावर येतं. शिवाय ९०० अंशांपेक्षा १२५० अंशांना हा मारा जवळजवळ तिप्पट असतो. म्हणून भट्टी-वेल्ड करणाऱ्यानं, म्हणजे भट्टीत तापवून ठोकून लोखंड जोडणाऱ्यानं, तर जपावंच. तोंडापुढे विटेचं दार ठेवा, बाजूला उभे राहा, उगाच आत बघत बसू नका. यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही.

आणि त्या जुन्या लोहारांपैकी किती जणांना म्हातारपणी धड दिसत होतं, हे कुणी मोजून ठेवलेलं नाही.

नवखा_घण

धन्यवाद! आज पुन्हा जाऊन खोका नीट उपसला. गोळी ऐरणीवर सगळीकडे मस्त उसळली. गोल गॉगलवर ५ आहे. जांभळ्यावर एकही अक्षर नाही. एका पारदर्शक गॉगलवर झेड ८७ आणि पुढे अधिकचं चिन्ह आहे, दुसऱ्यावर एफ आहे पण काचेत कडेला बारीक रेषांचं जाळं दिसतंय. फेस शील्डवर बी आहे. याचा अर्थ काय?

फुंकनळी

झेड ८७ हा अमेरिकी मानकाचा शिक्का, आणि अधिकचं चिन्ह म्हणजे जोराचा आघात सोसण्याची चाचणी पास. एफ आणि बी युरोपीय मानकाचे. ६ मिलिमीटरची पोलादी गोळी एफला सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारतात, बीला १२० मीटर. शिक्का काचेवर आणि फ्रेमवर, दोन्हीकडे असला पाहिजे.

पण शिक्का काच नवी असतानाचा. जाळं दिसतंय तो गॉगल फेकून द्या. थिनर, ॲसिटोन असल्या कशानं तरी पुसलाय किंवा वयानं गेलाय, आणि अशी पॉलिकार्बोनेट तडकायला तयारच बसलेली असते. शील्डची नुसती काच बदलून मिळत असेल तर बदला, डोक्यावरचा पट्टा धड असेल तर ठेवा. शील्डखाली गॉगल हवाच, नुसत्या शील्डला खालून ठिणगी शिरते. झेड ८७वाला उजेडात तिरका धरून बघा, स्वच्छ असेल आणि फ्रेमवरही शिक्का असेल तर पाहुण्यासाठी ठेवा.

तुमच्यासाठी मात्र नवाच घ्या. रोजच्या चष्म्याची काच आघातासाठी नसते आणि बाजू उघड्या असतात. चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल मिळतो. रोज काम करणार असाल तर नंबर घालून केलेला, बाजूला आडोसे असलेला सेफ्टी चष्मा करून घ्या, वरून उचलायची ३ नंबरची झापड लावता येते. ऐरणीवर जे पैसे वाचले ते इथे घाला.

जांभळा चष्मा एखाद्या काचकाम करणाऱ्याला विका. त्याला खरंच त्याची किंमत आहे.

ऐरणवेडा

दोन गोष्टी राहिल्या. ते पांढरट जाड हातमोजे हलवू-झटकू नका. जुन्या भट्टीच्या हातमोज्यांत ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेलं तर घातक असं तंतुमय खनिज) असायचं, बघून ओळखता येत नाही. ओलसर करून दोन पिशव्यांत बांधा आणि घातक कचरा जिथे घेतात तिथे द्या. किंवा मालकाला सांगा, हे तुमच्याकडेच राहू देत.

कटिंग व्हीलच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष असतं, ती वापरायची शेवटची तारीख. उलटून गेली असेल तर गठ्ठा न फोडलेला असला तरी टाका. बेंच ग्राइंडरचे दगड काढून, दोरीला लटकवून लाकडी मुठीनं हलकेच टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे.

नवखा_घण

व्यवहार ठरला, उद्या टेम्पो घेऊन जातोय. हातमोजे मालकाकडेच ठेवायला सांगितले, तो जरा नाराज झाला. ८१ किलोची ऐरण उतरवायला किती माणसं लागतील?

ऐरणवेडा

दोन धडधाकट आणि एक जाड फळी. शिंगाला धरून उचलू नका, बूट पोलादी टोकाचे घाला.