जुना पाइप ऑर्गन: मूळ रूपात न्यायचा की आहे तसा सांभाळायचा?

एल्बेकाठी:
गेल्या महिन्यात हॅम्बर्गच्या सेंट याकोबी चर्चमधला ऑर्गन आतून बघायला मिळाला. अरुंद जिन्याने वर गेलो आणि चहूबाजूंनी नळ्याच नळ्या. काही करंगळीएवढ्या, तर सगळ्यात मोठ्या रांगेतली खर्जाची नळी ३२ फुटांच्या मापाची. वाटाड्याने एका छोट्या नळीवर विजेरी धरली. धातूवर टोकदार हत्याराने स्वराचं अक्षर ओरखडलेलं होतं. कारागिराने नळ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून घातलेली ती खूण होती. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

हा ऑर्गन आर्प श्निटगर या कारागिराने १६९३ मध्ये पूर्ण केला. हातांसाठी चार की-बोर्ड, पायांसाठी वेगळी पट्टी, ६० स्टॉप (एकेका जातीच्या आवाजाच्या नळ्या चालू-बंद करणारे खटके) आणि सुमारे ४००० नळ्या. बाखने १७२० मध्ये इथल्या वादकाच्या जागेसाठी प्रयत्न केला होता. १९१७ मध्ये दर्शनी नळ्या कथलासाठी युद्धखात्याने काढून नेल्या. दुसऱ्या महायुद्धात आतल्या नळ्या आधीच हलवल्या म्हणून वाचल्या, पण लाकडी सांगाडा १९४४ मध्ये जळाला. पुढे ऑर्गन घडवणारे युर्गेन आरेंड यांनी १९९३ पर्यंत सगळं पुन्हा उभं केलं.

काम अप्रतिम आहे. तरीही 'मूळ रूप' या शब्दाची मला भीती वाटते. खुद्द श्निटगरनी त्यांच्या आधीचे कारागीर, शेरर घराणं आणि फ्रिट्शे, यांच्या नळ्या वापरल्या होत्या. मग मूळ कुठलं धरायचं? नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चचा ऑर्गन १७३८ चा, लहानपणी मोझार्टने वाजवलेला. तिथे १९५९ ते ६१ च्या दुरुस्तीत नवी यंत्रणा बसली, नव्या मिक्स्चरची (एका कळीवर अनेक तार सुरांच्या नळ्या एकदम वाजवणाऱ्या रांगांची) भर पडली, आणि ते चुकलं असं आज अनेक जाणकार म्हणतात. त्या लोकांनाही आपण बरोबरच करतोय असं वाटत होतं. माझं म्हणणं एवढंच: आधी प्रत्येक नळी मोजा, आणि नंतरच्या पिढ्यांनी केलेले बदल पुसू नका.

शुद्धगंधार:
तुमची कळकळ पटते, निष्कर्ष पटत नाही. वाद्य वाजण्यासाठी असतं. याकोबीचा ऑर्गन आज जसा सुरात लावलाय तो ऐका. त्याचा 'ए' हा स्वर साधारण ४९५ हर्ट्झचा, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा जवळजवळ एक स्वर वर. आणि सुरांची लावणी, म्हणजे स्वरांमधली अंतरं, मीनटोन या जुन्या युरोपीय पद्धतीच्या जवळची.

ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झालाय त्यांना हे लगेच कळेल. शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो (सप्तकाचे १२०० भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट), आणि आपल्या नेहमीच्या पेटीचा ४०० वर. तो १४ सेंटचा चढेपणा आपल्याला किती खुपतो! कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांनी शंभर वर्षांपूर्वी श्रुतींची पेटी करवली ती याच खुपण्यातून. मीनटोनमध्ये साध्या स्केलमधला गंधार शांत होतो, आणि दूरच्या स्केलमध्ये गेलात की सूर कडू लागतात. जुन्या रचनाकारांनी तो कडूपणा मुद्दाम वापरलाय. सगळं पेटीसारख्या समान लावणीत (सप्तकाचे बारा सारखे भाग) ठेवलंत तर सांगाडा वाचेल, संगीत जाईल.

एल्बेकाठी:
गंधाराबद्दल वाद नाही. पण लावणी बदलणं म्हणजे तार पिळण्याइतकं निरुपद्रवी नाही. उघड्या नळीचं वरचं टोक शंकूने ठोकून रुंद किंवा अरुंद करतात, सुराची पट्टी बदलायची तर नळी कापतात किंवा वर तुकडा जोडतात. कापलेलं परत येत नाही.

आणखी एक. १९१९ नंतर याकोबीच्या ऑर्गनचं मोल ओळखून तो वाचवणारे लेखक हान्स हेनी यान. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. पण तिथूनच जुन्या घडणीकडे परतण्याच्या ज्या चळवळीला जोर आला, तिच्या भरात एकोणिसाव्या शतकातले कितीतरी ऑर्गन 'बिघडलेले' ठरले, मोडले गेले किंवा जुन्या घडणीसारखे बदलले गेले. आज त्यांचाच शोध घेतात. जळालेल्या वाद्याला मूळ रूप शोधावंच लागतं. धडधाकट वाद्याला का?

मुळाकाठचा:
मला खर्चाचा प्रश्न पडतो. हाउप्टवेर्कसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकेका नळीचा आवाज नोंदवून ठेवता येतो. पुण्यात घरी बसून वाजवता येतो. चर्च रिकामी होत चाललीत, मग एवढे पैसे लाकडा-शिशात का घालायचे?

शुद्धगंधार:
इथे मी एल्बेकाठींच्या बाजूने. मोठा स्वरमेळ धरला की जुन्या भात्यातली हवा क्षणभर ढिली पडते आणि सगळा ऑर्गन श्वास घेतल्यासारखा वाटतो. सुटी सुटी नोंदवलेली नळी हे सांगत नाही.

शिवाय अभ्यास वाद्याजवळच होतो. जर्मनीतल्याच ल्यूबेक शहरातही एक सेंट याकोबी चर्च आहे; तिथल्या स्टेलवागेन ऑर्गनच्या शिशाच्या नळ्या पायाशी गंजून भोकं पडत होती. स्वीडनच्या गॉथेनबर्ग विद्यापीठाच्या पुढाकाराने संशोधकांनी शोधून काढलं की लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ शिसं खातेय. ओकच्या हवापेटीत आम्ल जास्त. म्हणजे दुरुस्तीत घातलेलं नवं कोरं ओकही घातक ठरू शकतं! रेकॉर्डिंग ऐकून हे कधी कळलं असतं?

रीडवाला:
मी पेट्या दुरुस्त करतो. नाटक कंपनीतला पायाचा ऑर्गन माझ्याकडे आला होता. त्यात नळ्या नसतात, पितळी रीड असतात, पण दुखणं तेच. माझ्या आधी एका दुकानात त्याचे जुने पॅरिस रीड काढून नवे बसवले होते. सूर बिनचूक, आवाज मात्र पातळ. जुने रीड कुठे गेले विचारलं, तर मोडीत घातले म्हणाले. मालकाच्या वडिलांनी त्यावर चाळीस वर्षं साथ केली होती. ते ऐकायला बसले, दोन ओळी झाल्या आणि उठून गेले.

तेव्हापासून मी काढलेला प्रत्येक रीड कागदात गुंडाळतो, स्वराचं नाव लिहितो आणि मालकाच्या हातात देतो. कुठलं रूप मूळ, ते मला ठरवता येत नाही.

एल्बेकाठी:
रीडवाले, तुम्ही कागदावर नावाशिवाय आणखी काय लिहिता? जाडी, लांबी, आधी कुणी घासल्याच्या खुणा? फोटो टाकता आला तर बघायचं आहे.